युरोपात देशाचा कायदा कुठे थांबतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनी, इटली, फ्रान्स हे सार्वभौम देश, त्यांच्या संसदा स्वतःचे कायदे करतात, मग युरोपीय संघाचा नियम त्या कायद्यांना अडवतो कसा? आपल्याकडच्या केंद्र-राज्य संबंधांसारखेच हे आहे का? आणि तिकडे माल पाठवणाऱ्याने नेमका कुणाचा कायदा वाचायचा?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच अडकतात. दोन्ही वाचायचे, पण आधी युरोपीय कायदा वाचायचा. त्याने किती जागा मोकळी सोडली आहे ते पाहायचे आणि मगच त्या जागेत देशाचा कायदा काय म्हणतो ते बघायचे. उलट क्रमाने वाचणारा माणूस हमखास फसतो. पुस्तकात दिसणारे देशाचे कलम प्रत्यक्षात लागू होत असेलच असे नाही, आणि ते लागू होत नाही हे त्या पुस्तकात कुठेही लिहिलेले नसते.

आपल्या ओळखीच्या प्रकरणापासून सुरुवात करू. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्याला दार बंद केले. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानेही अडली. आदल्या वर्षी, 2013 साली, भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशी आणि तत्सम कीड सापडली, हे कारण देण्यात आले. हापूसचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. लंडन आणि लेस्टरच्या भारतीय व्यापाऱ्यांनी ओरड केली, काही खासदार त्यांच्या बाजूने उभे राहिले. मागणी अशी की ब्रिटनने तरी आपल्यापुरती सूट द्यावी. ब्रिटिश सरकारने टोमॅटो-काकडीच्या काचघरांची काळजी पुढे करून बंदीचे समर्थनच केले. पण समजा, सरकारच्या मनात सूट द्यायची असती, तरी तेव्हा ब्रिटन संघात होता आणि त्याला ती देता आली नसती. वेस्टमिन्स्टरच्या ब्रिटिश संसदेने उद्या सकाळी ‘भारतीय आंबा कायदा’ मंजूर केला असता, तरी ब्रिटिश न्यायाधीशाला तो बाजूला ठेवून युरोपीय निर्णय लागू करावा लागला असता.

यामागचे कारण साधे आहे. संघाच्या आत सीमेवर माल अडवत नाहीत. रॉटरडॅमला उतरलेली पेटी दुसऱ्या दिवशी मिलानच्या बाजारात जाऊ शकते. एका देशाने दार किलकिले केले तर ते सगळ्यांसाठीच उघडते. म्हणून बाहेरून येणाऱ्या मालाचे रोगकिडीचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवायचे, एकट्याने मोडायचे नाहीत. आंब्यावरची बंदी उठली तीही तशीच. भारताने निर्यातीची तपासणी सुधारली आणि जानेवारी 2015 मध्ये सदस्य देशांच्या तज्ज्ञ समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने मत दिले. भाज्यांना मात्र आणखी थांबावे लागले.

आता मूळ प्रश्न. हे बळ आले कुठून? तुम्हाला वाटेल की स्थापनेच्या करारातच लिहिले असेल. तसे नाही. 1957 च्या रोम करारात ‘आमचा कायदा तुमच्या कायद्यापेक्षा वरचढ’ असे एकही कलम नव्हते. आजही मुख्य करारात ते नाही. लिस्बन करारासोबत जोडलेल्या 17 क्रमांकाच्या निवेदनात त्याचा उल्लेख आहे, एवढेच. हे तत्त्व लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाने घडवले, आणि तेही अगदी किरकोळ रकमेच्या भांडणातून.

इटलीने 1962 साली वीज उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करून एनेल ही सरकारी कंपनी काढली. मिलानचे वकील फ्लामिनियो कोस्टा यांचे जुन्या खासगी वीज कंपनीत शेअर होते. त्यांनी 1925 लिरांचे बिल भरायला नकार दिला आणि सांगितले की राष्ट्रीयीकरणाचा कायदाच रोम कराराविरुद्ध आहे. इटलीच्या घटना न्यायालयाने मार्च 1964 मध्ये सरळ उत्तर दिले: करार मान्य करणारा कायदा आधीचा, राष्ट्रीयीकरणाचा नंतरचा, नंतरचा टिकतो. कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याने हेच सांगितले असते. लक्झेंबर्गच्या या न्यायालयाने जुलै 1964 मध्ये ते उलटवले. सदस्य देशांनी ठरावीक क्षेत्रांत आपले अधिकार कायमचे मर्यादित करून घेतले आहेत. नंतरचा देशी कायदा पुढे करून त्यांना ते परत घेता येणार नाहीत. तसे झाले तर एकच नियम प्रत्येक देशात वेगळा होईल आणि कराराला अर्थ उरणार नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 1963 मध्ये, व्हान गेन्ड एन लोस या डच वाहतूक कंपनीच्या आयातशुल्काच्या प्रकरणात न्यायालयाने दुसरी अर्धी गोष्ट सांगून ठेवली होती. करारातली स्पष्ट कलमे नागरिक आणि कंपन्या आपल्या देशाच्या न्यायालयात थेट वापरू शकतात, सरकारने मध्ये कायदा करण्याची वाट पाहायची गरज नाही.

माझ्या मते या दोन्हींपेक्षा रोजच्या व्यवहारात जास्त जाणवणारा निकाल 1978 चा, सिमेंथाल कंपनीचा. फ्रान्समधून इटलीत आलेल्या गोमांसावर इटलीने आरोग्यतपासणीचे शुल्क लावले. ते युरोपीय नियमांविरुद्ध होते. इटलीचे म्हणणे होते की कायदा अवैध ठरवायचा तर घटना न्यायालयाकडे जावे लागेल. लक्झेंबर्गने सांगितले, मुळीच नाही. ज्याच्यासमोर प्रकरण आहे त्या न्यायाधीशाने, मग तो कितीही खालचा असो, स्वतःच्या अधिकारात तो देशी नियम बाजूला ठेवायचा.

इथे आपल्या व्यवस्थेशी तुलना करणे उपयोगाचे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 254 नुसार समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो विसंगतीपुरता शून्य ठरतो. पण तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाला एखादा अधिनियम अवैध वाटला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 113 खाली त्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचे असते. स्वतः निवाडा करायचा नसतो. युरोपात तालुका पातळीचा न्यायाधीशही संसदेचा कायदा त्या खटल्यापुरता गुंडाळून ठेवू शकतो. शंका असेल तर तो युरोपीय कराराच्या अनुच्छेद 267 खाली लक्झेंबर्गला प्रश्न पाठवतो. तिथून येते ते युरोपीय कायद्याचे स्पष्टीकरण, निकाल मात्र तोच देतो. 1990 साली स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांच्या प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, संसदेच्या 1988 च्या कायद्याची अंमलबजावणी रोखली, तेव्हा इंग्लंडच्या घटनातज्ज्ञांना हे पहिल्यांदा अंगावर आल्यासारखे झाले.

दुसरा फरक त्याहून महत्त्वाचा. आपल्याकडे विसंगत कायदा ‘शून्य’ होतो. तिकडे तो मरत नाही, युरोपीय कायदा जिथे लागू होतो तिथे लागू होत नाही, इतकेच. जर्मन बिअरच्या प्रकरणात हे स्पष्ट दिसते. 1516 च्या बव्हेरियन फर्मानाची परंपरा सांगणारा जर्मन कायदा म्हणत होता की ‘बिअर’ नाव लावायचे तर सातू, हॉप्स, यीस्ट आणि पाणी एवढेच हवे. 1987 मध्ये न्यायालयाने सांगितले की दुसऱ्या देशात कायदेशीरपणे बनलेल्या बिअरला हा नियम लावून जर्मनीत अडवता येणार नाही. ग्राहकाला काय घातले आहे ते कळावे म्हणून लेबल पुरेसे आहे. पण जर्मन कारखानदाराला जर्मनीतच विकायच्या बिअरसाठी जर्मनीने तोच नियम लावला तर त्यात युरोपीय कायद्याला काही देणेघेणे नाही. म्हणजे बेल्जियमचा माणूस जे करू शकतो ते म्युनिकचा करू शकत नाही. यात विचित्र काही नाही. संघाचा स्वतःचा नियम नसलेल्या अशा बाबतींत त्याचा अधिकार सीमा ओलांडण्यापाशी सुरू होतो. घरच्या माणसाला घरच्या सरकारने किती जाचावे हा घरचा प्रश्न.

या ‘घरच्या प्रश्ना’चा सगळ्यात गमतीदार परिणाम भारतीयांनी अनुभवला आहे. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाने 1982 साली ब्रॅडफर्डमध्ये ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले. दोघे 1983 ते 1985 जर्मनीत नोकरीला होते, मग परतून ब्रिटनमध्ये धंदा सुरू केला. पुढे लग्न मोडकळीला आले आणि ब्रिटनने त्यांना देशाबाहेर काढायची तयारी केली. 1992 मध्ये लक्झेंबर्गने ठरवले की पत्नी दुसऱ्या सदस्य देशात काम करून परत आली असल्यामुळे त्या जोडप्याला निदान तेवढे युरोपीय हक्क मिळालेच पाहिजेत, जेवढे ब्रिटनमध्ये येणाऱ्या इतर कुठल्या सदस्य देशाच्या कामगाराच्या कुटुंबाला मिळतात. 2012 मध्ये ब्रिटनने परदेशी जोडीदार आणायला वर्षाला किमान 18,600 पौंड उत्पन्नाची अट घातली, तेव्हा या निकालाचा भाव एकदम वधारला. कमी पगाराची ब्रिटिश माणसे काही महिने आयर्लंड किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करून जोडीदारासह परतायची. वकिलांच्या बोलण्यात त्याला ‘सुरिंदर सिंग रूट’ असेच नाव पडले.

इंग्लंडच्या स्विंडन शहरातल्या गोवेकरांची गोष्ट याच धाग्यातली. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे जन्म लिस्बनमध्ये नोंदवून त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आणि त्यातले अनेक ब्रिटनमध्ये गेले. ब्रिटिश गृहखाते म्हणू शकत होते का, की हे कुठले पोर्तुगीज, लिस्बन तर पाहिलेले नाही? नाही. नागरिक कोण हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या देशाचा, आणि एकाने दिलेले नागरिकत्व दुसऱ्याने उकरून तपासायचे नाही, हे 1992 च्या मिकेलेत्ती निकालाने पक्के केले होते. परिणामी, पोर्तुगीज पासपोर्टचा गोवेकर नोकरीत असेल तर मडगावहून बायकोला आणताना त्याला 18,600 ची अट नव्हती. शेजारच्या घरातल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या पुणेकराला ती होती. नागरिकत्व देण्याचा हा अधिकारही आता अगदी निरंकुश राहिलेला नाही. एप्रिल 2025 मध्ये माल्टाच्या पैसे भरून पासपोर्ट देण्याच्या योजनेला न्यायालयाने बेकायदा ठरवले. वंशावर आधारलेल्या नागरिकत्वाला त्याने हात लावलेला नाही.

आता कायद्याच्या प्रकारांकडे येतो, हे भराभर. रेग्युलेशन सगळ्या 27 देशांत जसेच्या तसे लागू होते. देशाने ते आपल्या नावाने पुन्हा छापून काढायलाही सहसा मनाई असते, कारण मग लोकांना आणि न्यायालयांना तो देशी कायदाच वाटू लागतो. डायरेक्टिव्ह फक्त उद्दिष्ट आणि मुदत देते, त्यानुसार देशी कायदा संसद करते. मुदत उलटूनही देशाने कायदा केला नाही, तर नागरिक ते डायरेक्टिव्ह सरकारविरुद्ध वापरू शकतो, खासगी मालकाविरुद्ध नाही. मात्र त्यामुळे झालेले नुकसान सरकारकडून वसूल करता येते. हे 1991 च्या फ्रँकोविच निकालापासून.

पण नावावर जाऊ नका. रेग्युलेशनमध्येही मोकळ्या जागा असतात. डेटासंरक्षणाचे जीडीपीआर हे रेग्युलेशन 25 मे 2018 पासून लागू झाले. त्यात मुलाने स्वतः संमती देण्याचे वय 16, पण देशाला ते 13 पर्यंत खाली आणता येते. जर्मनीने 16 ठेवले, फ्रान्सने 15, स्पेनने 14. उलट एखादे डायरेक्टिव्ह इतके पूर्ण असते की देशाला स्वल्पविरामाचीही मोकळीक नसते. म्हणून विचारायचे ते हे: हा नियम किमान मर्यादा सांगतो की पूर्ण क्षेत्र व्यापतो? किमान असेल तर देश त्यावर आणखी कडक होऊ शकतो. पूर्ण असेल तर कडक होणेही उल्लंघनच. आपल्या लोकांना हे पटायला जड जाते. ‘ग्राहकाच्या भल्यासाठी जास्त कडक केले, त्यात काय बिघडले?’ बिघडले हे, की मग 27 प्रकारची लेबले छापावी लागतात. समाजमाध्यमांवरच्या द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध जर्मनीने 2017 मध्ये स्वतःचा कडक कायदा केला होता. संघाचा डिजिटल सेवा कायदा आल्यावर तो 2024 मध्ये जवळजवळ पूर्णपणे आवरता घ्यावा लागला.

माझ्या कामातले सर्वांत आवडते हत्यार मात्र याहून रुक्ष आहे, आणि वकील मंडळीही ते विसरतात. देशाला वस्तूंविषयी नवा तांत्रिक नियम करायचा असेल, म्हणजे लेबल कसे असावे, पॅकिंग कशाचे असावे, घटक किती असावेत, तर त्याचा मसुदा आधी युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाला, कळवावा लागतो आणि तीन महिने थांबावे लागते. कुणी सविस्तर आक्षेप घेतला तर हा काळ सहसा सहा महिन्यांवर जातो. ही पद्धत 1983 पासून आहे, सध्या 2015 च्या 1535 क्रमांकाच्या डायरेक्टिव्हखाली. न कळवता केलेला नियम खासगी माणसाविरुद्ध वापरता येत नाही, असे न्यायालयाने 1996 मध्ये बेल्जियमच्या धोक्याच्या घंटा विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात सांगितले. त्यानंतर नेदरलँड्सला आपले शेकडो नियम कळवायचे राहून गेल्याचे लक्षात आले आणि तिथे चांगलाच गोंधळ उडाला.

हे हत्यार किती धारदार आहे ते ऑलिव्ह तेलाच्या एका खेपेतून कळते. इटलीने 1998 मध्ये कायदा केला की तेलाच्या बाटलीवर ‘इटलीत बनलेले’ लिहायचे तर ऑलिव्हची तोडणी, घाणा, भरणी सगळे इटलीतच झालेले हवे. मसुदा आयोगाला कळला होता, पण थांबण्याचा काळ संपायच्या आत कायदा पास केला. युनिलिव्हरच्या इटालियन कंपनीने सेंट्रल फूड नावाच्या खरेदीदाराला 648 लिटर तेल पुरवले. लेबल नव्या कायद्याप्रमाणे नव्हते, म्हणून खरेदीदाराने पैसे द्यायला नकार दिला. सन 2000 मध्ये लक्झेंबर्गने उत्तर दिले: घाईने केलेला तो नियम न्यायाधीशाने लागू करू नये. दोन खासगी कंपन्यांमधला साधा विक्रीचा करार, आणि त्यात रोमच्या संसदेचा कायदा निष्प्रभ, केवळ काही महिने थांबले नाहीत म्हणून. तुमचा माल एखाद्या देशाने नव्याच नियमावर बोट ठेवून अडवला, तर आधी विचारा की हा नियम आयोगाला कळवला होता का. कळवलेल्या मसुद्यांची यादी सार्वजनिक असते, शोधायला फार वेळ लागत नाही.

एवढे वाचून ब्रुसेल्स, म्हणजे संघाचे मुख्यालय, सर्वशक्तिमान आहे असा समज होऊ नये. संघाला तेवढेच अधिकार आहेत जेवढे करारांनी दिले. सीमाशुल्क, बाहेरच्या देशांशी व्यापार, युरो वापरणाऱ्यांचे चलनधोरण यांत देशांनी सहसा हात घालायचा नाही. शेती, पर्यावरण, ग्राहकसंरक्षण ही सामायिक क्षेत्रे. आरोग्यसेवा, शिक्षण यांत संघाने फक्त मदतीला उभे राहायचे. तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी घालणारे युरोपीय डायरेक्टिव्हच न्यायालयाने ऑक्टोबर 2000 मध्ये रद्द केले, कारण सामायिक बाजाराचे नाव पुढे करून आरोग्याचा कायदा करता येत नाही. स्कॉटलंडने 2012 मध्ये दारूला किमान किंमत ठरवली, तेव्हा व्हिस्की उत्पादक युरोपीय कायदा घेऊन न्यायालयात गेले. प्रकरण लक्झेंबर्गला जाऊन आले, पण आरोग्याचे कारण आणि उपायाचे प्रमाण यांचा पुरावा टिकला, ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये तो कायदा मान्य केला आणि 1 मे 2018 पासून तो लागू झाला. डेन्मार्कने मांसातल्या नायट्राइटवर संघापेक्षा कडक मर्यादा ठेवण्यासाठी आयोगाशी भांडण केले आणि 2003 मध्ये ते जिंकले. त्यासाठी करारात खास वाट आहे. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याचा विसंगत कायदा टिकतो, त्या तरतुदीचे हे लांबचे भावंड म्हणा.

शेवटचा शब्द कुणाचा, यावर मात्र आजही एकमत नाही. जर्मन घटना न्यायालयाने 1974 मध्येच सांगितले होते की युरोपात मूलभूत हक्कांचे पुरेसे संरक्षण नसेपर्यंत आम्ही तपासणी करत राहू. संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही असे सांगणाऱ्या आपल्या केशवानंद भारती निकालाच्या पुढच्याच वर्षीचे हे. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, पण ‘संसद काहीही देऊन टाकू शकत नाही’ हा सूर एकच. 1986 मध्ये ते नरमले, आणि मे 2020 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीवरून पुन्हा ताठ झाले. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2021 मध्ये तर करारातल्या मूळ कलमांनाच आव्हान दिले. त्याच महिन्यात न्यायाधीशांवरच्या शिस्तभंग व्यवस्थेसाठी पोलंडला दिवसाला 10 लाख युरो दंड लागला, तो पुढे निम्मा झाला. ब्रुसेल्सकडे पोलीस नाही. दंड थकला तर ते देशाला मिळणाऱ्या निधीतून कापून घेतात, आणि हे पोलीस पाठवण्यापेक्षा जास्त परिणामकारक आहे.

नाशिकच्या द्राक्षवाल्यांसाठी दोन ओळी. कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाच्या मर्यादा सप्टेंबर 2008 पासून संघभर एकच आहेत. जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोला 0.01 मिलिग्रॅम धरायचे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनावरून आपले कंटेनर अडकले ते याच चौकटीत, त्यामुळे एका बंदराऐवजी दुसऱ्या बंदरात उतरवून कायदा बदलणार नव्हता. काही जर्मन साखळी दुकाने कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांश अंश मागतात. तो कायदा नव्हे, करारातली अट आहे, तिच्याविरुद्ध वर सांगितलेले एकही शस्त्र चालत नाही. आणि ब्रिटन बाहेर पडल्यापासून ग्रेट ब्रिटनची मर्यादांची यादी स्वतंत्र झाली आहे, उत्तर आयर्लंडात वस्तूंबाबत बरेचसे युरोपीय नियम चालू आहेत. तेव्हा लंडनच्या खरेदीदाराने ‘युरोपचा रिपोर्ट चालेल’ म्हटले, तरी दोन्ही याद्या समोर ठेवून प्रयोगशाळेला कोणती मर्यादा धरायची ते लेखी कळवा.